गावचं घर, मे महिना आणि लवकर आलेला पाऊस

 

आजचा विषय मे महिन्यातला आहे, पण मी मुद्दाम गणपती होईपर्यंत थांबले. कौलारू घराची दुरुस्ती नीट झाली की नाही, हे शेवटी पाऊसच सांगतो. त्याचा निकाल हातात येण्याआधी माईकसमोर बसून बढाया मारण्यात काही अर्थ नव्हता.

तर २०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही घरच्या तेरा जणांनी मिळून राजापूर तालुक्यातलं आमचं गावचं घर दुरुस्त केलं. तेरा जण म्हणजे आजी, मोठे काका-काकू, त्यांचा मुलगा म्हणजे माझा दादा आणि वहिनी, आई-बाबा आणि मी, धाकटे काका-काकू, त्यांची कॉलेजात जाणारी दोन मुलं, आणि चिपळूणहून आत्या. मी दोन आठवड्यांची सुट्टी टाकली होती आणि पुढचे दोन आठवडे तिथूनच काम केलं. रेंज फक्त विहिरीजवळच्या आंब्याखाली यायची, त्यामुळे माझे स्टँडअप कॉल तिकडूनच व्हायचे. मागून कोंबडा आरवायचा आणि टीमला वाटायचं मी बॅकग्राऊंड साउंड लावलाय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं असं एक घर कुठेतरी असणार. गणपतीला आणि शिमग्याला उघडतं, एरवी कुलूप. आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर वर्षी एकच वाद: पाडायचं की ठेवायचं? आज मी तुम्हाला ‘ठेवा’ असंही सांगणार नाही आणि ‘पाडा’ असंही नाही. त्या वादाच्या आधी विचारायचा एक प्रश्न आहे, तो आम्हाला या महिन्याभरात सापडला. तोच सांगायचाय.

आधी घराची ओळख करून देते. घर चिऱ्याचं आहे. चिरा म्हणजे जांभा दगड, तो लालसर, भोकाभोकांचा. हा दगड गमतीशीर आहे. खाणीतून काढताना तो बऱ्यापैकी मऊ असतो, म्हणून विटेसारखा चौकोनी कापता येतो, आणि मग हवा लागली की कडक होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या इंग्रजांच्या सर्वेक्षकाने केरळात हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात त्याला ‘लॅटेराइट’ नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. आमच्याकडे जुन्या भिंती चिऱ्याच्या असल्या तरी दोन चिऱ्यांच्या मध्ये सिमेंट नाही, माती आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वर कौलं. मंगलोरी. त्याखाली लाकडाचा सांगाडा. सगळ्यात वर माथ्यावर आडवं लाकूड, ते आढं. आढ्यापासून दोन्ही बाजूंना भिंतीपर्यंत उतरतात ते वासे. वाशांवर आडव्या पट्ट्या, त्या रीपा. आणि रीपांना अडकवलेली कौलं. छपराच्या एका उतरत्या बाजूला म्हणायचं पाखं. आमच्या घराला दोन मोठी पाखी, पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर.

आता अडचण काय होती? आजी ८२ वर्षांची. आजोबा गेल्यावरही ती गावातच राहायची. पण माजघरात गळायला लागलं, म्हणून गेले तीन पावसाळे ती मुंबईला मोठ्या काकांच्या वन बीएचकेमध्ये काढत होती. जूनमध्ये जायची, दिवाळीला परत यायची. दर वर्षी परत यायची तारीख थोडी पुढे जायची. मार्चमध्ये तिने फोनवर बाबांना सांगितलं, “या वर्षी काय ते ठरवा. नाहीतर मी सामान वाटून टाकते आणि कायमची तिकडे जाते.” आजी ओरडत नाही कधी. ती असं शांतपणे बोलली की सगळे घाबरतात.

मग झाला व्हिडिओ कॉल. मोठे काका म्हणाले, पाडूया आणि स्लॅब टाकूया. एकदा काय तो खर्च, मग डोक्याला ताप नाही. आम्हा भावंडांचा लगेच आरडाओरडा, की एवढं सुंदर जुनं घर पाडायचं म्हणजे काय! काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “गेल्या पंधरा वर्षांत मे महिन्यात शाकारणीला तुमच्यापैकी कोण आलं होतं?”

शांतता.

शाकारणी हा शब्द ज्यांना नवीन असेल त्यांच्यासाठी: पावसाळ्याआधी छपरावर चढून कौलं सरळ करणं, फुटलेली बदलणं, कुजलेली रीप काढून नवीन ठोकणं, पालापाचोळा झाडणं, याला शाकारणी म्हणतात. दर वर्षीचं काम. एकटे काका पंधरा वर्षं मे महिन्याची आपली सुट्टी घालवून ते करून घेत होते. मजुरी त्यांच्या खिशातून. मग गुडघे दुखायला लागले, शेवटच्या तीन-चार वर्षांत ते राहून गेलं. म्हणजे ज्या माणसाला आम्ही ‘घर पाडणारा’ म्हणत होतो, त्याच माणसाने ते इतकी वर्षं उभं ठेवलं होतं.

त्या कॉलनंतर मी आजीकडून माहिती काढली. पूर्वी हे काम कसं व्हायचं? ती म्हणाली, घरात पाच बाप्ये होते. वाडीतल्या सगळ्या घरांची शाकारणी एकमेकांच्या मदतीने व्हायची. आज आमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. दोन दिवसांत घर शाकारून मोकळं. मजुरी नाही, फक्त जेवण. मग एकेक करून सगळे मुंबईला गेले.

इथे मला पहिल्यांदा कळलं की घर जुनं झालंय म्हणून गळत नव्हतं. घराची रचनाच अशी केलेली होती की दर वर्षी कोणीतरी वर चढणार. चढणारे हात गावातून गेले आणि घर तसंच राहिलं. आमच्या भाषेत सांगायचं तर मेंटेनन्स टीम गेली आणि सिस्टिम चालूच राहिली.

आणि हे किती झपाट्याने होतं बघा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. वाऱ्याने किंवा माकडाने एक कौल सरकतं. घरात माणूस असेल तर त्या रात्रीच टपटप ऐकू येते, सकाळी कोणीतरी काठीने ते कौल आतून सरकवतं, विषय संपला. घर बंद असेल तर तेच पाणी चार महिने एकाच वाशावर पडत राहतं. वासा कुजतो. ओल्या लाकडाला वाळवी लागते. वासा खाली झुकला की त्याच्यावरची दहा कौलं जागा सोडतात. पुढच्या पावसात ते पाणी भिंतीवर येतं, आणि भिंतीत माती आहे. एका कौलाचं भिंतीपर्यंत जायला तीन-चार पावसाळे पुरतात. आमचं घर नेमकं तिसऱ्या टप्प्यावर होतं.

बरं, स्लॅबचं काय? धाकट्या काकांनी एका कंत्राटदाराकडून अंदाज काढला, तो वीस लाखांच्या वर गेला. पण पैसे बाजूला ठेवा. कोकणात जरा नजर टाकत फिरा. स्लॅबच्या किती घरांवर वरून पुन्हा लोखंडी सांगाडा आणि पत्रा घातलेला दिसतो! या पावसात सपाट छप्परही काही वर्षांत पाझरायला लागतं, मग त्याच्यावर उतरतं छप्पर चढवावं लागतं. म्हणजे ‘एकदाच खर्च’ असं काही नसतंच. देखभाल लागतेच, फक्त तिचा प्रकार बदलतो. हे मोठ्या काकांनाही पटलं. ते म्हणाले, “ठीक. दुरुस्ती करू. पण पुढच्या वर्षी वर कोण चढणार, ते आत्ता लिहून द्या.” आम्ही म्हटलं, आधी काम तर होऊ दे. काका म्हणाले, “मग नंतर बघू, म्हणजे नाहीच.” तो मुद्दा लटकत राहिला.

३ मेला आम्ही अणुस्कुरा घाट उतरून गावात पोचलो. पहिले तीन दिवस नुसतं सामान बाहेर काढणं. तांब्याचे हंडे, पाट, पाळणा, भाताची कोठी, तीन मोडके रेडिओ. वहिनीने प्रत्येक वस्तूचा फोटो काढून यादी केली, त्यामुळे नंतर ‘माझी परात कुठे गेली’ हा प्रश्न एकदाही आला नाही. तुम्ही असं काम काढलंत तर हे नक्की करा.

छपरासाठी गावातले तात्या आले. सत्तरीच्या पुढचे, आयुष्यभर सुतारकाम आणि शाकारणी केलेले. मी लॅपटॉपवर सुंदर प्लॅन दाखवला: दोन्ही पाखी एकदम उतरवायची, लाकूडकाम एकत्र करायचं, सगळं पुन्हा चढवायचं, चार दिवस वाचतात. तात्यांनी चहा पीत बघितला. मग म्हणाले, “बाय, एका वेळी एकच पाखं उघडायचं. पश्चिमेचं आधी. पाऊस समुद्राकडून येतो, आणि तो कॅलेंडर बघून येत नाही.” बाबांनी तात्यांची बाजू घेतली, सगळ्यांनी मान डोलावली आणि माझा प्लॅन बदलला. नशीब बदलला. ते का, ते येईलच.

कौलं उतरवायची ती वरून खाली. माथ्यावरची कोन्याची कौलं आधी, मग एकेक ओळ खाली. चढवायची बरोबर उलट: सगळ्यात खालची ओळ आधी, मग प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीवर थोडी चढलेली, म्हणजे पाणी एका कौलावरून दुसऱ्यावर घरंगळत जातं. आम्ही साखळी केली. वरून दादा, शिडीवर धाकटे काका, खाली आम्ही. साधारण शंभर चौरस फुटाला दीडशेच्या आसपास कौलं लागतात, आमच्या छपरावर दोन हजारांच्या वर निघाली. प्रत्येक कौल अडीच किलोच्या आसपास. म्हणजे पाच टन माती आमच्या हातातून दोनदा गेली, एकदा खाली आणि एकदा वर. जिमची मेंबरशिप मी त्या महिन्यात वापरली नाही, गरजच पडली नाही.

खाली आत्या, आई आणि काकू ब्रशने शेवाळ घासत होत्या. काही कौलांच्या मागे इंग्रजी अक्षरं होती आणि १८६५ हा आकडा. धाकटा भाऊ ओरडला, “दीडशे वर्षं जुनी कौलं!” तसं नाही. १८६५ हे बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला ते साल. ते शिक्क्यात छापलेलं असायचं. जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी तिथे यंत्राने एकसारखी, एकमेकांत अडकणारी कौलं बनवायला सुरुवात केली आणि ती बोटीने पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. म्हणून त्यांना मंगलोरी म्हणतात. त्याआधी आपल्याकडे कुंभाराने हाताने केलेले अर्धगोल नळे असायचे.

एक कामाची गोष्ट: वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांची खाच थोडी वेगळी असते. जुन्या ओळीत मध्येच नवीन कौल बसवलं तर फट राहते आणि नेमकं तिथेच गळतं. म्हणून आम्ही चांगली जुनी कौलं सगळी पश्चिमेच्या पाख्यावर घेतली आणि कमी पडलेली नवीन कौलं पूर्वेकडे एका सलग पट्ट्यात लावली. आणि प्रत्येक खोलीवर एकेक काचेचं कौल. माजघरात दिवसा दिवा लावावा लागायचा, तो आता लागत नाही.

लाकडाचं काम तात्यांनी आणि त्यांच्या पुतण्याने केलं. प्रत्येक वाशाला टोचणी मारून बघायची. आत सहज गेली तर वासा बाद. सगळे वासे बदलायची गरज नव्हती, एकोणीस बदलले. नवीन लाकडाला, विशेषतः भिंतीत जाणाऱ्या टोकांना, काजूच्या टरफलांचं काळं तेल लावलं. वाळवीला ते चालत नाही. पण कातडीला लागलं तर भाजतं, हातमोजे घालूनच हात लावा. आणि वर चढताना मेन स्विच बंद, कमरेला दोर, हे दोन नियम तात्यांनी कोणालाही मोडू दिले नाहीत.

१७ मेला पश्चिमेचं पाखं पूर्ण झालं. १८ ला पूर्वेचं उघडलं.

आणि मग २० तारखेपासून आभाळ भरून आलं.

तुम्हाला आठवत असेल, २०२५ चा मे महिना कसा गेला. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, कोकणात अलर्ट सुरू झाले. २४ मेला ते डिप्रेशन रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला, नेहमी १ जूनला पोचतो. २५ ला हवामान खात्याने मान्सून देवगडपर्यंत आल्याचं जाहीर केलं आणि २६ ला मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. आमच्या सगळ्या प्लॅनमध्ये ५ जूनपर्यंत वेळ धरलेला होता, आणि आमचं अर्धं घर उघडं.

कौलं खालून वर चढवतात, हे मघाशी सांगितलं. त्याचा अर्थ, काम अर्धवट असताना नेमका माथा उघडा असतो, आणि माथ्याच्या बरोबर खाली माजघराची मधली भिंत. मातीतली. ती भिजून फुगली तर चिरे सुटणार, आणि आढ्याचा भार तिच्यावरच आहे. तेवढ्या एका भिंतीवर घर राहणार की जाणार, हे ठरणार होतं.

तालुक्याच्या बाजारात ताडपत्री शिल्लक नव्हती. सगळ्यांनाच एकदम हवी होती. मग शेजारच्या तीन घरांतून भाताच्या मळणीच्या ताडपत्र्या आल्या, न मागता. मोठे काका, गुडघ्याला पट्टा बांधून, ओटीवर बसून दोऱ्या तयार करत होते. तात्या आणि दादाने ताडपत्री आढ्यावरून टाकली, एक टोक तयार झालेल्या पश्चिमेच्या पाख्यावर चिऱ्यांनी दाबलं, दुसरं पूर्वेकडे उतरवलं. पश्चिमेची बाजू तयार नसती तर ताडपत्री बांधायला जागाच नव्हती, आणि वारा सगळा तिकडूनच होता. ‘एका वेळी एकच पाखं’ या एका वाक्याने घर वाचलं.

त्यानंतरचे चार दिवस पाऊस थांबला की वर, आला की खाली. लाईट नव्हती. आम्ही पाट्यांमध्ये कौलं भरून जिन्याने पोटमाळ्यावर नेऊन ठेवली, म्हणजे उघडीप मिळाली की वरच्या वर लावता येतील. आत्या त्या साखळीत पहाटे पाच वाजता उभी राहायची. २७ च्या दुपारी शेवटचं कोन्याचं कौल बसलं. भिंतीला एका कोपऱ्यात ओल आली होती, पण ती उभी होती. त्या संध्याकाळी आजीने सगळ्यांची दृष्ट काढली. तात्यांची सुद्धा.

आता दोन गोष्टी छपराच्या खालच्या, कारण ‘जुनं घर’ म्हटलं की आपण जरा भावुक होतो.

पहिली, भिंती. पूर्वीच्या एका दुरुस्तीत भिंतींना खालून तीन फूट सिमेंटचा गिलावा केलेला होता, ओल थांबावी म्हणून. ओल थांबली नाही, ती सिमेंटच्या वर चढली. कारण जांभा पाणी शोषतो आणि सोडतो. बाहेरून सिमेंटने तोंड बंद केलं की पाणी आत अडकतं आणि वाट मिळेल तिथून वर निघतं. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर सुकू देतो. म्हणून सिमेंट खरवडून आतल्या बाजूने चुना आणि रेतीचा गिलावा केला. त्याला वेळ द्यावा लागतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा होतो, तोवर त्याला ओलसर ठेवावं लागतं. पावसामुळे त्या कामाला आयती मदत झाली. चुना विरवताना नेहमी पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, तो उसळतो. डोळ्यांना चष्मा हवाच.

दुसरी गोष्ट, जमीन. आम्हा भावंडांना माजघरात शेणाने सारवलेली जमीन हवी होती. थंड असते, फोटो छान येतात. आजीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सारवणार कोण? तू येणार आहेस पुण्याहून, दर आठ दिवसांनी?” साठ वर्षं वाकून सारवलं होतं तिने. तिची कंबर त्या जमिनीवरच गेली. तिला फरशी हवी होती, न घसरणारी. आणि संडास-बाथरूम घराला लागून, रात्री अंगणातून जायला नको असं. दोन्ही केलं. संडासाची टाकी विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला काढली. खळं मात्र ती म्हणाली, दिवाळीनंतर मी स्वतः करून घेईन, चोपून आणि सारवून.

तेव्हा मला मोठ्या काकांचा आणि आजीचा प्रश्न एकच आहे हे दिसलं. वर कोण चढणार? खाली कोण सारवणार? जुनं काय ठेवायचं आणि नवीन काय आणायचं, याचं उत्तर सौंदर्यात शोधत बसू नका. ज्या गोष्टीची देखभाल करायला माणूस आहे ती ठेवा. ज्याला माणूस नाही, ती बदला, ती कितीही छान दिसत असली तरी. चढायला माणसं मिळतील, म्हणून कौलं राहिली. सारवायला कोणी नाही, म्हणून जमीन बदलली.

३० मेच्या रात्री आम्ही ओटीवर बसून काकांचा लटकलेला मुद्दा सोडवला. मी शीट उघडली. एप्रिलच्या शेवटी एकाने येऊन पाहणी करायची. मेमध्ये शाकारणी, निदान चार माणसं आणि तात्यांकडची दोन. पाऊस सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत एकदा येऊन गळती बघायची. दिवाळीनंतर वाळवीची तपासणी. आणि दरमहा एक ठरावीक रक्कम एका वेगळ्या खात्यात, शाकारणी आणि रंग-लाकडासाठी. दुरुस्तीला एकूण साडेपाच लाख लागले होते. ते पुन्हा एकदम लागू नयेत, म्हणून ही छोटी रक्कम.

मग वर्षं वाटायला घेतली. २०२६ मोठ्या काकांचं घर म्हणजे दादा-वहिनी, २०२७ आम्ही, २०२८ धाकटे काका. मग पुन्हा पहिल्यापासून. आत्या शांत बसली होती. मग म्हणाली, “आणि माझं वर्ष?”

कोणीतरी पटकन म्हणालं, तुला कशाला त्रास. आत्या म्हणाली, “चार दिवस पावसात कौलं उचलली तेव्हा त्रास नव्हता. आईची मी पण आहे.” ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर, नमुना आठवर, आजोबांनंतर तिन्ही मुलांची नावं लागली होती, आत्याचं नव्हतं. कायद्याने मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच तशी दुरुस्ती केली होती, देशभर ती २००५ मध्ये आली. हे ओटीवर बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. पण कधी विषय निघाला नव्हता, कारण तेव्हा घर म्हणजे नुसता खर्च होता. घर नीट झालं की नावांचा प्रश्न येतो. तो काम संपल्यावर आला तर भांडण होतं. आमच्याकडे पैसे आणि मेहनत सगळ्यांची लागली होती, त्यामुळे बोलणं जरा सोपं गेलं. मोठे काका म्हणाले, “२०२९ तुझं.” आणि नाव लावायचा अर्जही ठरला. तो सध्या प्रक्रियेत आहे. घरात सगळे एकदम खूश आहेत असं मी म्हणणार नाही, पण कोणी ग्रुप सोडलेला नाही. आमच्या घरात हे मोठं यश आहे.

आता तुम्ही जर पुढच्या उन्हाळ्यात असं काही काढणार असाल, तर माझ्या अनुभवातून एवढंच सांगते.

दिवाळीनंतर घर बघून या, मेपर्यंत थांबू नका. लाकूड, कौलं, चुना यांची ऑर्डर फेब्रुवारीत द्या, मेमध्ये सगळं गाव एकाच सुताराच्या मागे असतं. काम १५ मेपर्यंत संपेल असं धरा, कारण पाऊस लवकर येऊ शकतो हे आता आपण पाहिलंय. छप्पर एकदम सगळं उघडू नका. ताडपत्री आधीच आणून ठेवा. गावात जे वयस्कर कारागीर आहेत त्यांच्याबरोबर एक तरुण माणूस जोडून द्या, पगार देऊन. तात्यांचा पुतण्या आमच्याकडे शिकला, आणि आता त्याच्याकडे पुढच्या मेची चार घरं ठरलेली आहेत. आणि सगळ्यात आधी, एक रुपया खर्च करण्याआधी, घरातल्या सगळ्यांना, मुलींना धरून, एकत्र बसवून विचारा: पुढच्या वर्षी कोण? ज्या घराला या प्रश्नाचं एकही उत्तर मिळत नाही, ते घर पाडणाऱ्या माणसाला नावं ठेवू नका. तो कदाचित बरीच वर्षं एकटाच वर चढत आला असेल.

आणि हो, निकाल सांगायचा राहिला. २७ ऑगस्टला गणपती आले. आम्ही सगळे घरी होतो. बाहेर पागोळ्यांची नुसती भिंत झाली होती. माजघरात कुठेही थेंब नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक कौल जरासं सरकलं होतं, टपटप सुरू झाली. दादाने काठी घेतली, आतूनच सरकवलं. दोन मिनिटांचं काम. आजी या वर्षी पावसाळाभर गावातच होती. मुंबईला गेली नाही.

तुमच्या गावच्या घराची काय परिस्थिती आहे, वर चढायला कोण आहे, मला नक्की कळवा. आणि हा भाग तुमच्या घरच्या ग्रुपवर टाका, बघा कोण काय उत्तर देतं ते. चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या!